सनई आणि अरबी ताल : दहा मात्रांचा पेच

सनई, इजिप्तमधील मिजमार आणि तुर्कस्तानातील झुर्ना ही दुहेरी पातीची, एकाच कुळातील सुषिर वाद्ये होत. सनईच्या साथीला वाजणाऱ्या नगाऱ्याचे नावही अरबी ‘नक्कारा’वरून आलेले. एवढे जवळचे नाते असल्याने भिवंडीजवळच्या पडघ्यासारख्या गावात, लग्नसराईत वाजवून तयार झालेल्या तरुण सनईवादकाला अरबी ताल सहज साधतील, असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा पक्का तालसंस्कारच आड येतो.

अरबी तालाला ‘ईका’ म्हणतात. त्याचे मुख्य आघात दोन : दरबुक्याच्या मध्यावरचा घुमणारा ‘दुम’ आणि काठावरचा कोरडा ‘तक’. आठ ठिकाणांचा ‘मकसूम’ असा : दुम तक – तक दुम – तक –. यात दुसऱ्या ठिकाणी ‘तक’ऐवजी ‘दुम’ घेतला की ‘बलदी’ होतो. चौथ्या ठिकाणी घेतला तर दक्षिण इजिप्तमधील, मिजमारबरोबर रंगणारा ‘सईदी’. हे तिन्ही केरव्यात बसवण्याचा मोह होतो. मोजणी जुळते, वजन मात्र हरवते.

खरा पेच ‘समाई सकील’ या दहा मात्रांच्या तालात आहे. झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन, समाईचे तीन-दोन-दोन-तीन. दुम पहिल्या, सहाव्या व सातव्या मात्रेवर. तक चौथ्या व आठव्या मात्रेवर. झपतालात सहावी मात्रा खालीची, तेथे डग्याचा घुमारा थांबतो. समाईत नेमके तेथूनच पाठोपाठ दोन दुम पडतात. झपताल अंगात मुरलेला विद्यार्थी सवयीने त्या जागी स्वर हलका करतो आणि रचना लंगडते.

म्हणून आरंभी सनई बाजूलाच ठेवावी. मांडीवर दुम, टाळीने तक, तोंडाने बोल, असे आवर्तन पुरते भिनल्यावर एकाच स्वरावर ते फुंकावे. दुमवर जिभेचा स्पष्ट आघात घ्यावा आणि दम नवव्या-दहाव्या मात्रेच्या मोकळ्या जागेत भरावा. अरबी मकामांतील पाव स्वरांची घाई येथे करू नये. तो स्वतंत्र अभ्यास आहे.

त्यानंतर ‘समाई’ हा रचनाप्रकार घ्यावा. त्यात चार ‘खाने’ असतात आणि प्रत्येक खान्यानंतर धृपदासारखी ‘तस्लीम’ येते. चौथा खाना बहुधा तीन किंवा सहा मात्रांच्या चालीत जातो. तेथून तस्लीमच्या दहा मात्रांत परतताना सहाव्या मात्रेवरचा दुम पूर्ण वजनाने आला, तर ताल आला असे समजावे.