इंजिनाच्या दोन बाजू

माणूस कॉमर्सचा पदवीधर झाला, की त्याला कुठल्याही गोष्टीच्या दोनच बाजू दिसू लागतात. एक डेबिट आणि दुसरी क्रेडिट. लग्नाची पत्रिका हातात पडली तरी तो मनातल्या मनात आहेर डावीकडे आणि जेवण उजवीकडे मांडून मोकळा होतो. मी तर गेली बावीस वर्षे बँकेत क्लार्क आहे. तेव्हा जाहिरातीच्या रंगीबेरंगी इंजिनांच्या चिमुकल्या प्रतिकृती जमवण्याचा नाद मला लागला, यात नवल नाही. कारण या इंजिनांनाही दोनच बाजू असतात, आणि कित्येकदा दोन्हीकडची चित्रे वेगळी असतात. इंजिन काचेच्या कपाटात ठेवले, की एक बाजू दिसते आणि दुसरी भिंतीकडे तोंड करून बसते. त्यावर काही जमवे एकाच इंजिनाचे दोन नग घेतात. आमच्या घरी हा तोडगा मी एकदाच सुचवला. ही म्हणाली, “त्यापेक्षा आरसा लावा. आरसा आहे आपल्याकडे.”

आता तुम्ही विचाराल, की इंजिनावर जाहिरात म्हणजे काय? आपल्याकडे बेस्टच्या बसवर साबण-पावडरीची जाहिरात असते, तसेच. फक्त बसच्या जागी चौऱ्याऐंशी टनांचे धूड असते, आणि ते शंभर मैलांच्या वर पळत असते. त्यामुळे जाहिरात वाचायला माणसाला फार तर दोन सेकंद मिळतात. जाहिरातदारांनी एवढ्यासाठी पैसे का मोजावेत, हे मला पुष्कळ दिवस उमगत नव्हते. मग लक्षात आले, की आमच्या बँकेच्या कॅलेंडराकडेही लोक याहून जास्त वेळ पाहत नाहीत.

या खेळण्यातल्या रेल्वेचा इतिहास मोठा हिशेबी आहे. जर्मनीत गोपिंगेन नावाचे गाव आहे. तिथे थिओडोर मर्कलिन नावाच्या पत्र्याच्या कारागिराने १८५९ साली बाहुल्यांच्या घरातली भांडीकुंडी करायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या भातुकलीचा धंदा! १८६६ मध्ये तो वारला, आणि पुढे त्याच्या बायकोने, कॅरोलीनबाईंनी, नेटाने दुकान चालवले. मुलांनी १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या रुळांवर धावणारी चावीची गाडी मांडली. खरी अक्कल गाडीत नव्हती, रुळांत होती. मापे ठरवून दिलेली. आज गाडी घ्या, पुढच्या नाताळात दोन रूळ घ्या, त्याच्या पुढच्या नाताळात स्टेशन. रिकरिंग डिपॉझिटची कल्पना याहून वेगळी काय असते? एकदा खाते उघडले, की बापाला मुदतीआधी मोडता येत नाही.

जाहिरात या खेळण्यावर चढली ती इंग्लंडात. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये चावीच्या गाड्या काढल्या, आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या मालडब्यांवर बिस्किटवाल्यांची आणि चॉकलेटवाल्यांची नावे झळकू लागली. त्यातला कोलमन्स मोहरीचा पिवळा डबा आज दुर्मीळ समजला जातो आणि लिलावात भाव खातो. ज्या मुलाने तो डबा १९२४ साली चिखलातून ओढला नाही, त्याचे नातू आज सुखी आहेत. माझ्या लहानपणी आमच्याकडेही पत्र्याची चावीची गाडी होती. पण ती सांडशी म्हणून वापरली गेली, तेव्हा नातवंडांची आशा नाही.

अमेरिकेत तर खऱ्या डब्यांवरच जाहिराती होत्या. बर्फाच्या मालडब्यांवर लोणी, मांस, बिअर यांची भली मोठी चित्रे. घोटाळा असा व्हायचा, की एकाचे चीज दुसऱ्याच्या चीजचे नाव घातलेल्या डब्यातून यायचे. शिवाय डब्याच्या भाड्यातून आडमार्गाने सूट दिली जात होती, असा बोभाटा झाला. शेवटी १९३४ मध्ये तिथल्या वाहतूक आयोगाने या प्रकाराला मनाई केली. खऱ्या डब्यांवरच्या जाहिराती उतरल्या. खेळण्यातले मात्र आजतागायत रंगीत आहेत. आयोगाचा हुकूम खेळण्याच्या रुळांना लागू नव्हता.

इंजिनांवर ही रंगपंचमी खऱ्या अर्थाने खेळली ती स्वित्झर्लंडने. स्विस लोक बँकवाले. रिकामी जागा दिसली, की तिला व्याज कसे लागेल हा त्यांचा पहिला विचार. त्यांनी १९९१ ते १९९६ या काळात ‘आर-ई ४६०’ जातीची ११९ विजेची इंजिने बांधली. बाह्यरूप इटलीच्या पिनिनफरिना यांचे, म्हणजे ज्यांनी फेरारी मोटारींना देखणे केले त्यांचे. आता एवढे देखणे लाल इंजिन तसेच पळू द्यायचे सोडून त्यांनी त्याच्या कुशी भाड्याने दिल्या. या जातीतले पहिले जाहिरात-इंजिन १९९४ मध्ये निघाले, ते आग्फाचे. आग्फा म्हटल्यावर माझ्या वयाच्या माणसाला इंजिन आठवत नाही, वडिलांचा बडोद्यात बनलेला ‘क्लिक थ्री’ कॅमेरा आठवतो. त्या कॅमेऱ्याने काढलेल्या आमच्या प्रत्येक फोटोत कुणाचे तरी डोके कापलेले आहे. बहुतेक वेळा मामांचे.

मग जर्मनांनी आपल्या ‘१०१’ जातीच्या १४५ इंजिनांतली कित्येक रंगवली. त्यांच्या कुशी गुळगुळीत, मध्ये जाळ्या-खिडक्या कमी, त्यामुळे फळा आयताच. ऑस्ट्रियाने तर कमाल केली. २००८ सालची युरोपीय फुटबॉल स्पर्धा त्यांच्या आणि स्वित्झर्लंडच्या अंगणात झाली, तेव्हा भाग घेणाऱ्या सोळाही देशांचे झेंडे त्यांनी आपल्या ‘टॉरस’ इंजिनांवर चढवले. हे टॉरस सुटताना चक्क स्वर लावते. मोटारींना वीज पुरवणाऱ्या यंत्रणेची कंपने पायरीपायरीने चढतात आणि फलाटावर सा-रे-ग-म ऐकू येते. अर्थात खर्ज पक्का झाला, की गाडी निघून जाते. आपल्याकडे गाडी उशिरा असते, म्हणून प्रवाशांचा सगळा ख्याल ऐकून झाला असता.

आणि या परदेशी इंजिनांचे आपल्याला काय, असे म्हणू नका. सोयरीक आहे. आर-ई ४६० चा सांगाडा बांधणारा विंटरथुरचा कारखाना तोच, ज्याने १९२८ च्या सुमारास जीआयपी रेल्वेसाठी आपले ‘खेकडा’ इंजिन बांधायला घेतले. बोरघाट आणि थळघाटातली १:३७ ची चढण मालगाड्या घेऊन चढणारे ते दोन नाकांचे लांबोडके इंजिन. उभे असताना कण्हायचे, आणि नाव खेकडा. एक आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. आणि १९९५ मध्ये स्वित्झर्लंडहून जी दहा ‘डब्ल्यूएपी-५’ इंजिने आपल्याकडे आली, ती या आर-ई ४६० चीच चुलत भावंडे. जाहिरातीचे वारेही इकडे आले. २०१७ साली रेल्वेने तिकिटाखेरीजच्या उत्पन्नाचे धोरण काढले, आणि गाड्यांना जाहिरातीचे कपडे चढवायला रीतसर वाट मिळाली. मुंबईत लोकलला जाहिरात गुंडाळलेली असते, ती आपण पाहतोच. पाहतो म्हणजे, लोंबकळणाऱ्या माणसांमधून जेवढी दिसते तेवढी.

प्रतिकृतीचे गणित मला विशेष प्रिय आहे. खरे इंजिन साडेअठरा मीटर. ‘एचओ’ मापात, म्हणजे १:८७ ने, ते साधारण एकवीस सेंटिमीटर होते. १:१६० ने साडेअकरा. आणि मर्कलिनने १९७२ मध्ये जे ‘मिनी-क्लब’ माप काढले, १:२२० चे, त्यात उरतात जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. आमच्या हेडकॅशियरनी विचारले, “मग वजनही दोनशेविसाव्या हिश्श्याचं का?” मी त्यांना व्हाउचरच्या पाठीवर मांडून दाखवले. लांबी, रुंदी, उंची तिन्ही आटतात, तेव्हा भागायचे २२० च्या घनाने, म्हणजे एक कोटी सहा लाख अठ्ठेचाळीस हजारांनी. चौऱ्याऐंशी टनांचे उरतात आठ ग्रॅम! “पाऊण तोळासुद्धा नाही!” हेडकॅशियर म्हणाले. तेही कॅशमधलेच. (प्रत्यक्षात प्रतिकृतीत मोटर आणि शिसे भरून ती जड करतात, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने एक्सप्रेस उडेल.)

त्या साडेआठ सेंटिमीटरवर चार-सहा रंगांची जाहिरात छापायची म्हणजे खेळ नव्हे. कोरलेल्या पट्टीवरची शाई सिलिकॉनचा एक गुबगुबीत गोळा उचलतो आणि इंजिनाच्या उंचसखल अंगावर हलकेच टेकवतो. रबरी शिक्काच, पण सासुरवाशिणीला हळद लावावी इतक्या नाजूकपणे. प्रत्येक रंगाला वेगळा गोळा, वेगळी खेप. एक केसभर सरकला, तर अक्षर दाराच्या मुठीवर जाते. म्हणून साधे लाल इंजिन स्वस्त आणि फुलाफुलांचे महाग. सेंट गालनच्या मुलखात ‘एचएजी’ नावाची कंपनी १९४४ पासून होती. ह्यूगो आणि आल्विन गालर यांच्या नावांची आद्याक्षरे. तिने अशी स्विस जाहिरात-इंजिने थोडीथोडी, पण हौसेने काढली. माझा झुरिकचा मावसभाऊ सुट्टीत येताना त्यांतले एखादे जुने आणतो आणि परत जाताना किलोभर थालीपिठाची भाजणी नेतो. विनिमयाचा दर आम्ही रिझर्व्ह बँकेला कळवलेला नाही.

पण गंमत पुढेच आहे. खऱ्या इंजिनावरची जाहिरात भाड्याची मुदत संपली, की सोलून काढतात. पुन्हा लाल. आग्फाचे फिल्मचे दुकान वेगळे काढले होते, ते २००५ मध्ये दिवाळखोरीत गेले. खुद्द मर्कलिनही ४ फेब्रुवारी २००९ ला दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचले, कारण कर्ज वाढवून घेण्याची बँकांशी चाललेली बोलणी फिसकटली. तेही स्थापनेच्या दीडशेव्या वर्षी. सल्लागारांवर अमाप पैसा उधळल्याचे नंतर बाहेर आले. २०१३ मध्ये एका जर्मन खेळणीवाल्या समूहाने कंपनी घेतली आणि ती वाचली. २००५ च्या जानेवारीत तर मर्कलिनच्या संग्रहालयातच चोरी झाली होती. जुनी दुर्मीळ खेळणी गेली, किंमत दहा लाख युरोंच्या घरात. थोड्या आठवड्यांत माल सापडला. सापडणारच! ओळखणारे सगळे जगभर एकमेकांना ओळखतात, आणि न ओळखणारा एवढी किंमत देत नाही.

याचा प्रत्यय आमच्या शाखेत आला. एक पेन्शनर ग्राहक वारले. लॉकर त्यांच्या पत्नीच्या नावे नॉमिनेशनचा होता. दोन साक्षीदार, आमचे अधिकारी, आणि यादी लिहायला मी. बाई काही बोलत नव्हत्या. बरोबरचे दीर मात्र सोन्याच्या आजच्या भावाबद्दल सारखे विचारत होते. लॉकर उघडला, तर आत पातळ कागदात गुंडाळलेल्या अकरा डब्या. दिरांनी पहिली सोडली. आत पोलंडचा झेंडा पांघरलेले टॉरस.

“हे काय?” दीर म्हणाले.

अधिकारी म्हणाले, “लिहा हो. खेळण्यातली इंजिने, नग अकरा.”

मी पेन उचलला नाही. यादीत ‘दागिने, नग अकरा’ असे आपण लिहितो का? मी म्हणालो, “साहेब, एकेक वेगळं लिहावं लागेल. नंतर तक्रार नको.” तक्रार या शब्दापुढे बँकेत कुणाचे काही चालत नाही. मग मी लिहीत गेलो. आग्फा, आर-ई ४६०, एचओ. ‘क्नी’ सर्कस, हिने १९१९ मध्ये तंबू ठोकला, शंभर वर्षांनिमित्त २०१९ चे इंजिन. ऑस्ट्रियाची सहा झेंड्यांची. दोन जर्मन, एकाच्या दोन बाजू वेगळ्या. रकाना पुरेना, मी पुरवणी जोडली. दीर मधूनच “किती होतील हो याचे?” विचारत. मी खरे ते सांगितले. नव्वदीच्या दशकात लोकांनी भाव चढेल म्हणून अशी इंजिने घेऊन ठेवली, सगळ्यांनीच ठेवली, म्हणून बहुतेकांना आज विकत घेतली तेवढीही किंमत येत नाही. दिरांना अचानक कुठेतरी जायचे आठवले.

बाईंनी मात्र खुर्ची पुढे ओढली. “हे रेल्वेत नव्हते हो,” त्या म्हणाल्या, “पाटबंधाऱ्यात होते. मला वाटायचं, लॉकरमध्ये माझ्या सासूबाईंच्या पाटल्या आहेत.” आणि थोड्या वेळाने, “पाटल्या कुठे गेल्या, ते कळलं आता.”

हेडकॅशियरनी खाली पाहिले. मी पुरवणीवर नंबर घालत बसलो.

“तो खेकडा नाही का यात?” त्यांनी विचारले. “लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला गेलो, तेव्हा कर्जतच्या पुढे खिडकीतून दाखवला होता ह्यांनी. म्हणाले, बघ कसा कण्हतोय.”

नव्हता. मी त्यांना सांगितले, की पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ पासून. दिवे लागतात, सिग्नल पडतात, गाड्या खरोखर धावतात. एकदा जाऊन या. त्यांनी पत्ता लिहून घेतला. मग सही करण्याआधी पुरवणीची ती तीन पाने त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि विचारले, “याची एक झेरॉक्स मिळेल का मला?”

नियमाप्रमाणे यादीची एक प्रत मिळतेच. मी दोन काढून दिल्या.