चार संघांचा सौदा

बास्केटबॉलच्या व्याख्यानाला एवढी मंडळी येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं, म्हणून सुरुवात जरा मागून करू. आयपीएलमधला ट्रेड आपल्याला माहीत आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबई इंडियन्सकडे आला, तो रोख व्यवहारात. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये एवढं सरळ काम नसतं. तिथे संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे. २०१२-१३ च्या मोसमात ती ५ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास होती. ती ओलांडून बसलेल्या संघाला मोठा खेळाडू आणायचा असेल, तर साधारण तितक्याच पगाराचे आपले खेळाडू बाहेर द्यावे लागतात.

अडचण इथेच सुरू होते. ज्याच्याकडे हवा तो खेळाडू आहे, त्याला तुमचा खेळाडू नको असतो. पूर्वी आपल्याकडे लग्नांत साटंलोटं व्हायचं. दोन घरांची मुलं-मुली जुळत नसतील तर तिसरं घर शोधा, तसंच हे. तिसरा संघ येतो, कधी चौथाही. प्रत्येकाला वाटलं पाहिजे की आपण जिंकलो. अशी जुळणी करणं हे मोठं कसब आहे. पण जुळवणाऱ्याचाच संघ पुढे दहा वर्षं टिकेल का, हा प्रश्न वेगळा, आणि आज आपल्याला तोच पाहायचा आहे.

लॉस एंजेलिस लेकर्स २००९ आणि २०१० मध्ये विजेते होते. २०११ मध्ये डॅलसने त्यांना ४-० असं धुतलं. कोबी ब्रायंट तेव्हा ३२ वर्षांचा. संघाचे व्यवस्थापक मिच कपचाक यांनी ओळखलं की दुरुस्ती आत्ताच करायला हवी, आणि डिसेंबरात तीन संघांचा सौदा जुळवला. न्यू ऑर्लिन्सचा क्रिस पॉल लेकर्सकडे, लेकर्सचा पाऊ गॅसोल ह्यूस्टनकडे, आणि लमार ओडम व ह्यूस्टनचे काही खेळाडू न्यू ऑर्लिन्सकडे.

सौदा झाला आणि त्याच दिवशी, ८ डिसेंबर २०११ ला, मोडलाही. न्यू ऑर्लिन्सचा संघ वर्षभरापूर्वी खुद्द एनबीएनेच विकत घेतला होता. म्हणजे मालक लीग आणि पंचही लीग! आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी परवानगी नाकारली. इतर संघमालकांचा दबाव होता का, यावर आजही वाद होतात. आमचं मत असं, की मालक म्हणून स्टर्न यांना तो हक्क होता, पण लीगने त्या खुर्चीत बसायलाच नको होतं. आठवडाभरात पॉल त्याच शहरातल्या क्लिपर्सकडे गेला. ओडम दुखावला होता. लेकर्सनी त्याला डॅलसला देऊन टाकलं. बदल्यात खेळाडू आला नाही, आली एक पगाराची सवलत. तेवढ्या रकमेचा खेळाडू वर्षभरात घ्यायचा, बदल्यात पगार न देता.

ती सवलत २०१२ च्या जुलैत स्टीव्ह नॅशसाठी खर्ची पडली. नॅश ३८ वर्षांचा होता. फीनिक्सला लेकर्सनी दिले भावी निवडीचे हक्क, म्हणजे नव्या खेळाडूंना निवडायची आपली पाळी. त्यात २०१३ आणि २०१५ चे पहिल्या फेरीचे. मधलं २०१४ का सोडलं? ऐंशीच्या दशकात क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी असे हक्क इतके उधळले, की लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क देऊ नयेत असा नियमच करावा लागला. (हशा) नियमाला नाव मात्र त्यांचंच चिकटलं.

मग १० ऑगस्ट २०१२. आता आपण कपचाक यांच्या खुर्चीत बसू. ऑरलँडोचा ड्वाइट हॉवर्ड हवा आहे. वय २६, पण नुकतीच पाठीची शस्त्रक्रिया झालेली आणि करार एका वर्षात संपणारा. आपल्याकडे देण्याजोगा आहे अँड्र्यू बायनम, २४ वर्षांचा, त्याच वर्षी ऑल-स्टार झालेला. ऑरलँडोला तो नको आहे. त्यांना पाया नव्याने घालायचा आहे. बायनम हवा आहे फिलाडेल्फियाला. फिलाडेल्फियाकडे आंद्रे इगुओडाला आहे, तो हवा आहे डेन्व्हरला. मग सगळ्यांनी मिळून ऑरलँडोची झोळी भरायची: फिलाडेल्फियाकडून निकोला वुचेविच आणि मो हार्कलेस ही तरुण मुलं, डेन्व्हरकडून एरन अफलालो, वर निवडीचे हक्क. एकूण बारा खेळाडू इकडचे तिकडे झाले. कागदावर याहून सुंदर जुळणी आम्ही पाहिलेली नाही. लेकर्सकडे नॅश, कोबी, गॅसोल आणि हॉवर्ड एकत्र. ऑरलँडोची मात्र थट्टा झाली.

त्यानंतरचं वर्ष थोडक्यात सांगतो, कारण ते ऐकवत नाही. नॅशचा पाय दुसऱ्याच सामन्यात मोडला. पाच सामन्यांनंतर प्रशिक्षक काढला. एप्रिलमध्ये कोबीच्या टाचेची शीर तुटली. तो लंगडत आला, दोन फ्री थ्रो टाकले आणि गेला. प्लेऑफमध्ये सॅन अँटोनियोने ४-० केलं. जुलैत हॉवर्ड ह्यूस्टनला निघून गेला. लेकर्स नंतर सलग सहा मोसम प्लेऑफला मुकले.

तोटा एकट्या लेकर्सचा नव्हता. बायनमचे गुडघे गेले, फिलाडेल्फियासाठी तो एकही सामना खेळला नाही. डेन्व्हरने ५७ सामने जिंकले, पण पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटकडून हरले. त्या मालिकेतून इगुओडालाने काय पाहिलं कोण जाणे, उन्हाळ्यात तो गोल्डन स्टेटलाच गेला. तिथे करी, थॉम्प्सन, ग्रीन हे तिघं आधीच होते, आणि तिघंही निवडीतून आलेले. ग्रीन तर ३५ व्या क्रमांकावर. इगुओडालाला बसवण्यासाठी गोल्डन स्टेटने नकोसे तीन करार आणि पहिल्या फेरीचे दोन हक्क युटाला दिले. २०१५ ते २०१९ पाच वेळा अंतिम फेरी, तीन अजिंक्यपदं, आणि २०१५ च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू इगुओडालाच. चौघांनी मांडलेल्या सौद्यात ज्याचं नावही नव्हतं, त्या पाचव्या घरी दशकभर टिकणारा संघ उभा राहिला.

आणि थट्टा झालेला ऑरलँडो? वुचेविच तिथे साडेआठ मोसम खेळला, दोनदा ऑल-स्टार झाला. २०२१ मध्ये त्याला शिकागोला दिलं, तेव्हा मिळालेल्या हक्कातून फ्रान्झ वाग्नर आला.

राहिला नॅशच्या बदल्यात दिलेला २०१५ चा हक्क. पहिल्या पाळ्यांत असेल तर तो लेकर्सकडेच राहील अशी अट होती, आणि लेकर्स इतके वाईट खेळत होते की तो दरवर्षी पुढे ढकलला गेला. दरम्यान फीनिक्सने तो दुसऱ्या एका तीन संघांच्या सौद्यात फिलाडेल्फियाला देऊन टाकला. वटला २०१८ मध्ये, दहाव्या क्रमांकावर. फिलाडेल्फियाने मिकल ब्रिजेसला निवडलं आणि त्याच रात्री फीनिक्सला दिलं. २०२१ च्या पहिल्या फेरीत फीनिक्सने लेकर्सना ४-२ ने बाहेर काढलं. फीनिक्सच्या पहिल्या पाचांत ब्रिजेस होता, आणि त्याच्या शेजारी ३६ वर्षांचा क्रिस पॉल.