घारापुरीचा हत्ती आणि ॲरिस्टॉटलचा पाषाण

मुंबईत भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, काळ्या पाषाणाचा एक हत्ती उभा आहे. राणीच्या बागेत जिवंत प्राणी पाहायला निघालेल्या गर्दीपैकी फार थोड्यांचे लक्ष त्याच्याकडे जाते. हा हत्ती मूळचा इथला नव्हे. रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात मोडणाऱ्या घारापुरी बेटाच्या दक्षिण बाजूला, जुन्या धक्क्याजवळ, तो उभा होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीज तिथे उतरले, त्यांनी तो पाहिला आणि साऱ्या बेटालाच हत्तीचे नाव दिले. ‘एलिफंटा’ हे नाव लेण्यांवरून नव्हे, या हत्तीवरून पडले आहे.

सप्टेंबर १८१४ मध्ये त्याचे डोके आणि मान गळून पडली. पुढे धडही ढासळले. १८६४ साली त्याचे अवशेष मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत, आणण्यात आले. १९१४ साली कॅडेल आणि ह्यूएट यांनी ते तुकडे जुळवून हत्ती पुन्हा उभा केला.

आता प्रश्न असा, की भायखळ्याला उभा असलेला हत्ती घारापुरीचाच हत्ती आहे काय? की त्याच दगडातून केलेला दुसरा हत्ती? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु माणसाने घडवलेली वस्तू ‘असते’ म्हणजे नेमके काय असते, या प्रश्नावर प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांनी पुष्कळ बुद्धी खर्ची घातली आहे, आणि त्यांच्या उदाहरणांत दगडाची मूर्ती वारंवार येते.

ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४–३२२) याने ‘फिजिक्स’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात जगातील वस्तूंचे दोन वर्ग केले. प्राणी, वनस्पती, माती, पाणी यांच्या हालचालीचे आणि स्थैर्याचे मूळ त्यांच्याच ठायी असते. बी आपले आपण रुजते. पलंग किंवा अंगरखा यांचे तसे नाही. पलंग म्हणून पलंगाला स्वतःची अशी काहीच ओढ नसते. त्याच्या लाकडाला असते. याच्या पुष्ट्यर्थ ॲरिस्टॉटल अँटिफॉन नावाच्या विचारवंताचा एक चमत्कारिक युक्तिवाद देतो. पलंग जमिनीत पुरला आणि कुजता कुजता त्याला कोंब फुटला, तर उगवणार काय? पलंग नव्हे, लाकूड. तेव्हा खरे ते लाकूड. पलंगपणा हा वरून चढवलेला साज.

अँटिफॉनला घारापुरीला आणले असते तर १८१४ ची घटना त्याने हर्षाने पुढे केली असती. जे पडले ते हत्तीच्या स्वभावाने पडले नाही. हत्तीचे डोके असे गळून पडत नाही. ते दगडाच्या स्वभावाने पडले. भेग, ऊनपाऊस, वजन हे सारे पाषाणाचे धर्म. हत्ती म्हणून त्या शिल्पाला जगण्याची किंवा मरण्याची काही सोयच नव्हती.

ॲरिस्टॉटल मात्र इथे थांबत नाही. द्रव्यापेक्षा रूप हेच वस्तूचे सत्त्व म्हणवून घेण्यास अधिक पात्र आहे, असे तो म्हणतो. घर म्हणजे विटांचा ढीग नव्हे. तरीही ‘मेटाफिजिक्स’मध्ये मानवनिर्मित वस्तूंविषयी त्याची लेखणी अडखळते. घर किंवा भांडे या कदाचित खऱ्या अर्थाने स्वयंसिद्ध वस्तू नव्हेतच, असे तो एका ठिकाणी सुचवून जातो. या ‘कदाचित’ वर अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे. त्याचा गुरू प्लेटो याबाबतीत निर्धास्त होता. ‘क्रॅटिलस’ या संवादात सॉक्रेटिस विचारतो: विणकराचा धोटा घडवता घडवता मोडला, तर सुतार दुसरा धोटा कशाकडे पाहून करील? मोडक्या धोट्याकडे पाहून नव्हे. पहिला करताना ज्या रूपाकडे त्याची दृष्टी होती, त्याच रूपाकडे पाहून. म्हणजे वस्तू मोडते, रूप मोडत नाही.

घारापुरीच्या संदर्भात सर्वांत मोलाचा उतारा ‘फिजिक्स’च्या पहिल्या भागात आहे. वस्तू कोणकोणत्या रीतीने अस्तित्वात येतात हे ॲरिस्टॉटल तिथे मोजून सांगतो. काही आकार बदलून होतात, काही भर घालून, काही जुळणीने, जसे घर. आणि काही काढून टाकल्याने, जसा पाषाणातून हर्मीज. हर्मीज हा ग्रीकांचा एक देव. मूर्तिकार त्याला दगडात घालत नाही. जे हर्मीज नाही ते काढून टाकतो. कोरण्यापूर्वी पाषाणात हर्मीज ‘शक्यता’ म्हणून असतो, असे ॲरिस्टॉटल अन्यत्र म्हणतो.

घारापुरीची लेणी याच जातीची आहेत. सुमारे सहाव्या शतकातील मुख्य लेण्यातले खांब कुणी उभारलेले नाहीत. भोवतालचा डोंगर काढून टाकताना ते मागे ठेवलेले आहेत. बांधलेल्या देवळात खांब आधी आणि छत नंतर. लेण्यात छत आधी मोकळे होते आणि खांबाचा तळ सर्वांत शेवटी. सदाशिवाची त्रिमुखी मूर्तीही डोंगरापासून आजतागायत विलग झालेली नाही. ती जिथे संपते आणि डोंगर जिथे सुरू होतो, ती रेषा कुणाला दाखवता येणार नाही. बेटावर काही लेणी अर्धवट सोडलेली आहेत. ‘शक्यता’ आणि ‘सिद्धी’ यांच्यामध्ये थबकलेली वस्तू कशी दिसते हे ज्याला पाहायचे असेल, त्याने ती अवश्य पाहावीत.

ॲरिस्टॉटलच्या मते कोरीव कामाचे रूप आधी कारागिराच्या मनात असते. घारापुरीच्या कारागिरांचे मन तर दूरच, नावही आपल्यापर्यंत आलेले नाही. लेण्यातील एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे पाठवला, अशी नोंद दिओगो दो कूतो या त्यांच्याच इतिहासकाराने केली आहे. तो दगड पुढे बेपत्ता झाला.

आता हत्तीकडे पुन्हा वळू. त्याच्या प्रश्नाची तुलना बहुतेक जण थीसियसच्या जहाजाशी करतील. प्लुटार्क सांगतो, की अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे तीस वल्ह्यांचे जहाज फेलेरॉनच्या डिमेट्रियसच्या काळापर्यंत, म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत, जपून ठेवले. कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची. जहाज तेच राहिले की नाही, यावर तत्त्वज्ञांचे दोन तट पडले. उरण–करंजाच्या किनाऱ्यावर लाकडी होडीची फळी बदलणाऱ्याला हा वाद ऐकून हसू येईल. फळी बदलली म्हणून कुणी होडीचे नाव बदलत नाही. पण हत्तीची गोष्ट नेमकी उलटी आहे. जहाजाचे द्रव्य बदलत गेले आणि रूप अखंड राहिले. हत्तीचे द्रव्य तेच राहिले आणि रूप खंडित झाले.

अशा खंडाविषयी ॲरिस्टॉटल कठोर आहे. ज्यांचे सत्त्व नाश पावते त्या गोष्टी परत येतात त्या जातीने, संख्येने नव्हे, असे तो सांगतो. पाऊस पुन्हा येतो, तोच पाऊस येत नाही. या न्यायाने १९१४ चा हत्ती दुसरा ठरेल. त्यातही त्याची उत्पत्तीची रीतच पालटली आहे. घारापुरीला हत्ती ‘काढून टाकल्याने’ झाला. मुंबईत तो ‘जुळणीने’ झाला. पहिला जन्म हर्मीजसारखा, दुसरा घरासारखा.

याच बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांचा एक बौद्ध स्तूप आहे, आणि बौद्ध परंपरेचे उत्तर तर याहून सरळ. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, याला भिक्षू नागसेन विचारतो: महाराज, आपण रथातून आलात, चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? शेवटी ठरते ते असे, की भागांच्या आधाराने वापरलेले ते केवळ एक नाव आहे. नागसेनाच्या लेखी ‘तोच हत्ती की दुसरा’ हा झगडा उरतच नाही.

तरीही या दोन्ही उत्तरांतून एक गोष्ट निसटते. विटांचा ढीग घेतला तर त्यातून घर होईल, भिंत होईल किंवा विहिरीचे कडे होईल. वीट त्याबाबत मुकी असते. न कोरलेला कातळही तसाच. त्यात हत्ती जितका होता तितकाच नंदी होता, आणि नुसती पायरीही होती. १८६४ ते १९१४ या काळात मुंबईत जे तुकडे होते ते मात्र मुके नव्हते. कोरीव पृष्ठ आणि तुटीची कड मिळून प्रत्येक तुकडा आपली जागा सांगत होता. कॅडेल आणि ह्यूएट यांना रूप आपल्या मनातून आणावे लागले नाही. घोडा करू म्हटले असते तरी तो झाला नसता. कोरण्यापूर्वीच्या कातळातली शक्यता आणि फुटलेल्या शिल्पातली शक्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि ॲरिस्टॉटलच्या वर उल्लेखिलेल्या यादीत दुसरीला वेगळे घर नाही. हत्ती ढासळला तेव्हा त्याचे रूप गेले असे म्हणण्यापेक्षा ते तुकड्यांत विखरून राहिले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. मग भायखळ्याचा हत्ती हा घारापुरीचाच हत्ती आहे.

‘हत्ती’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. ‘पॉलिटिक्स’मध्ये ॲरिस्टॉटल म्हणतो, की दगडी हाताला हात म्हणायचे ते केवळ नामसाम्याने, कारण तो हाताचे काम करीत नाही. त्या हिशेबाने राणीच्या बागेतला पाषाणाचा गज कधीच हत्ती नव्हता. पण ज्या बेटाला त्याने नाव दिले ते १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत दाखल झाले ते ‘एलिफंटा’ याच नावाने, घारापुरी या नावाने नव्हे. तेव्हा हत्तीला बेट सोडून सव्वाशे वर्षे होत आली होती.