बंब कुणाच्या हद्दीतला?

मे २०१९. सोलापूरहून बार्शीला एका लग्नाला चाललो होतो. वडाळा मागे पडलं, वैराग अजून यायचं होतं. रस्त्याकडेला धूर दिसला म्हणून गाडी थांबवली. कडब्याने भरलेली ट्रॉली पेटली होती. वरच्या तारेला कडबा घासला असणार, दर उन्हाळ्यात होतं तसं. ड्रायव्हरने प्रसंगावधान राखून पिन काढून ट्रॅक्टर पुढे नेला होता आणि आता दहा-बारा माणसं जळत्या ट्रॉलीवर माती फेकत होती. एकाने फवारणीच्या पंपाची टाकी आणली, दुसऱ्याने शेतातली मोटर चालू करायला पोरगं पिटाळलं. वीज नव्हती, अर्थातच.

मी आपला पुणेकर झालेला माणूस. खिशातून फोन काढला आणि शेजारी उभ्या असलेल्या मामांना विचारलं, "एकशे एकला लावू का?"

मामांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "लावा की. पर बंब बारशीस्नं येनार पावणं. तवर राख."

तसंच झालं. बंब बोलवलाच नाही कुणी. ट्रॉलीचा सांगाडा उरला. मामांनी तंबाखूची चिमूट लावली आणि मंडळी पांगली. मी लग्नाला वेळेवर पोचलो, जेवलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. 'बारशीस्नं' का? वैराग एवढं मोठं गाव. बाजारपेठ आहे, पोलीस स्टेशन आहे, संतनाथाच्या नावाचा सहकारी साखर कारखाना होता (तो बंद पडला, ती कथा वेगळीच). मग आग लागली की हाक वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या बार्शीला का मारायची?

आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की 'ऑनकॉल' माणसाचा फोन वाजतो. त्याने उचलला नाही तर पुढच्याचा. कुणाचा वाजणार हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. तेव्हा मला वाटलं, गावाच्या बाबतीतही हे कुठेतरी लिहिलेलं असेलच. शोधूया. पुढचे दोन-तीन विकांत त्यात गेले.

तर मंडळी, लिहिलेलं आहे. आणि ते वाचून झोप उडते.

जुन्या काळापासून सुरुवात करू. गावगाड्यात 'आपत्कालीन सेवा' होती का? होती. रात्री गस्त घालायची, परका माणूस आला तर पाटलाला कळवायचं, चोराचा माग काढायचा, दवंडी द्यायची, निरोप घेऊन तालुक्याला पळायचं. हे सगळं रामोशी, जागले आणि महार यांच्याकडे होतं. गावगाड्याबद्दल हळवं होऊन लिहिणारे इथे थांबतात. पण ही ऑनकॉल ड्यूटी जन्माने लागायची. दिवसाची-रात्रीची, आणि मोबदला म्हणजे वतनाचा तुकडा आणि दारोदार मागायचं बलुतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच वेठीविरुद्ध. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. महसुली पाटलाचं पद १९६२ च्या कायद्याने गेलं आणि १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने आजचा पोलीस पाटील आला. जुनी व्यवस्था मोडली ते उत्तमच झालं. प्रश्न एवढाच, की तिच्या जागी पगारी माणूस आणि यंत्र कुणी ठेवायचं?

शहरांनी याचं उत्तर आधी शोधलं होतं. १८५० च्या २६ व्या कायद्यात गंमत होती: गावातल्या लोकांची इच्छा असेल तरच तिथे नगरपालिकेचा कारभार सुरू करायचा. सोलापूरने १८५२ मध्येच तो सुरू केला. दिवाबत्ती, सफाई, रस्ते, आणि ओघाने आगही. गिरण्या आल्या, कापसाच्या गठड्या आल्या, म्हणजे आगीची भीती आलीच. (मुंबईत तर १४ एप्रिल १९४४ ला गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यासाठी.)

खेड्यात मात्र घागरी, बादल्या आणि शेजारी.

आता येतो गाभा. महाराष्ट्रात दोन कायदे शेजारी ठेवून वाचा. नगरपरिषदांचा १९६५ चा कायदा म्हणतो की आग विझवणे आणि आग लागली असता जीवित-मालमत्तेचं रक्षण करणे हे नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य आहे. ग्रामपंचायतींचा १९५८ चा कायदा त्याच्या यादीत म्हणतो, आग विझवण्याच्या कामी मदत करणे. एक 'विझवणे' आणि एक 'विझवायला मदत करणे'. मदत करायची, पण कुणाला? मुख्य माणूस कोण, ते त्या यादीत नाही! आमच्याकडे असा कोड कुणी लिहिला असता तर रिव्ह्यूमध्ये पहिल्या ओळीला अडला असता.

बरं, हे जुने कायदे. नव्यात सुधारणा झाली असेल? १९९३ साली दोन घटनादुरुस्त्या लागू झाल्या. ७३ वी पंचायतींसाठी, २४ एप्रिलपासून. ७४ वी शहरांसाठी, १ जूनपासून. दोन्हींनी घटनेला एकेक अनुसूची जोडली: कुठल्या विषयांची कामं स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील त्याची यादी. शहरांची बारावी अनुसूची १८ विषयांची. त्यात सातवा विषय सरळ आहे: अग्निशमन सेवा. पंचायतींची अकरावी अनुसूची २९ विषयांची, म्हणजे चांगली लांब. शेती, पशुसंवर्धन, मासेमारी, खादी, पिण्याचं पाणी, इंधन आणि चारा, ग्रंथालयं, बाजार आणि जत्रा. मी ती तीनदा वाचली. आग नाही. चारा आहे, पण चारा पेटला तर काय, ते नाही.

आणि नियतीचा खेळ बघा. त्याच १९९३ मध्ये, दुसरी दुरुस्ती लागू झाल्यावर चारच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे आठ हजार माणसं गेली. सोलापूर जिल्ह्यालाही हादरे बसले. ज्या गावांवर हे कोसळलं ती बहुतेक सगळी ग्रामपंचायतीची गावं. ढिगारे उपसायला लष्कर आलं, संस्था आल्या, कुठून कुठून ट्रक आले. गावात स्वतःची म्हणून कुठली यंत्रणा असणार?

पण किल्लारीने एक काम केलं. महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे करायला घेतले, नियंत्रण कक्ष उभे राहिले, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा प्राधिकरणाचा प्रमुख केलं. म्हणजे मोठ्या संकटाला एक मालक मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळकडे बोटी घेऊन एनडीआरएफ आलं ते याच साखळीतून.

अँब्युलन्सचंही असंच. २६ जानेवारी २०१४ ला राज्यात १०८ सेवा सुरू झाली, ९३७ गाड्यांची. तिच्यात हद्द हा विषयच नाही. तुम्ही १०८ लावता, जी गाडी जवळ असेल ती निघते. तुम्ही नगरपरिषदेत राहता की पंचायतीत, हे कुणी विचारत नाही. पोलिसांचा ११२ राज्यात २०२१ पासून. तोही तसाच. (या योजनांना नावं ठेवणारे खूप आहेत, ठेवावीत. पण रचना म्हणून मला ही फार शहाणपणाची वाटते.)

राहिली आग. ती अजून हद्दीत अडकलेली. बंब ज्या नगरपरिषदेचा, तो तिच्या करदात्यांचा. हद्दीबाहेर तो जातो, नाही असं नाही. माणुसकी आहे, तहसीलदाराचा फोन आहे, आणि बाहेरच्या फेरीचं शुल्क आकारण्याची पद्धतही आहे. पण गाडी एक आणि तालुका अख्खा. ती बाहेर असताना शहरात आग लागली तर? मुख्याधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून विचार केला तर त्याचीही अडचण समजते.

थोडं गणित करू. केंद्रीय गृह मंत्रालयाची अग्निशमन सल्लागार समिती १९५५ पासून आहे. तिचा निकष असा की शहरात बंब पाच ते सात मिनिटांत पोचावा आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत. बार्शी ते वैराग २२ किलोमीटर धरा. फोन आल्यावर गाडी निघायला दोन मिनिटं. उरली अठरा. म्हणजे पाण्याने भरलेला जड बंब ताशी सत्तरच्या वर सरासरीने आला पाहिजे, मधे ऊसाची एकही बैलगाडी आडवी न येता. मामांचं 'तवर राख' हे निराशेतून आलेलं नव्हतं, हिशेबातून आलेलं होतं.

आता कळलं असेल की गावाची 'नगरपंचायत होणं' ही नुसती पाटी बदलण्याची गोष्ट का नाही. ७४ व्या दुरुस्तीने ही मधली पायरी तयार केली: धड खेडं नाही, धड शहर नाही, अशा संक्रमणातल्या गावासाठी. महाराष्ट्राने १९९४ मध्ये ती आपल्या कायद्यात आणली, साधारण दहा ते पंचवीस हजार लोकवस्तीच्या गावांसाठी. पुढे २०१४ मध्ये सरकारने ठरवलं की तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करायचं. वैरागची पंचाईत अशी, की ते तालुका नाही. वेगळा वैराग तालुका व्हावा ही मागणी जुनी आहे, पण वैराग बार्शी तालुक्यातच राहिलं. त्यामुळे ती गाडी चुकली.

वैरागला नगरपंचायत मिळाली ती नंतर, आणि पहिली निवडणूक झाली २१ डिसेंबर २०२१ ला. तीही अर्धवट. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता, म्हणून राज्यातल्या १०६ नगरपंचायतींमधल्या त्या जागा बाजूला ठेवून आधी मतदान झालं आणि उरलेल्या जागांचं १८ जानेवारी २०२२ ला. मोजणी एकत्र, १९ जानेवारीला. सोलापूर जिल्ह्यात वैरागबरोबर माढा, माळशिरस, नातेपुते आणि महाळुंग-श्रीपूर होत्या. टीव्हीवर कोणत्या गटाला किती जागा याचीच चर्चा. मी आपला ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूटवर बसून विचार करत होतो की आज वैरागचं 'मदत करणे' संपलं आणि 'विझवणे' सुरू झालं.

अर्थात कर्तव्य लागू झालं म्हणजे बंब दारात उभा राहतो असं नाही. बंब, तो ठेवायला जागा, पाणी भरायची सोय, आणि सर्वात महाग म्हणजे तीन पाळ्यांत माणसं. नव्या नगरपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजारातलं काहीबाही. कर वाढतील म्हणून आधीच कुरकुर असते, आणि ती खोटी नसते. शिवाय सरपंच जातो, ग्रामविकासाच्या योजना जातात. पंधराव्या वित्त आयोगाने अग्निशमनासाठी ५,००० कोटी ठेवले, २०२३ मध्ये त्याची योजनाही आली, पण ती राज्यांमार्फत. तिथून वैरागपर्यंतची वाट मी सांगायला नको.

आणि नुसता बंब असूनही भागत नाही. १८ मे २०२५ ला सोलापुरात, जिथे महापालिका आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले.

पण मला जास्त छळते ती दुसरी तारीख. १ जानेवारी २०२३. बार्शी तालुक्यातच, पांगरीजवळ शिराळ्याच्या शिवारात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला. मजुरीला आलेल्या बायका गेल्या त्यात. असे कारखाने वस्तीपासून लांब हवेत म्हणून शिवारात असतात. म्हणजे सुरक्षिततेसाठी त्यांना आपण नेमकं तिथे पाठवतो जिथे आग विझवणं हे कुणाचंच काम नाही. ऊसाचे फड, कडब्याच्या गंज्या, जिनिंगचा कापूस, सगळं पेटणारं सामान हद्दीबाहेर, आणि बंब हद्दीच्या आत.

माझा मित्र म्हणतो, सोपं आहे, बंबसुद्धा १०८ सारखे राज्याचे करा, जिल्हाभर पेरून ठेवा. मला पटतं. फक्त मग नगरपरिषदांच्या हातून एक खातं जाणार, आणि हातातलं खातं आपल्याकडे कोण सोडतं?

मध्यंतरी पुन्हा त्या रस्त्याने गेलो. वैरागमध्ये चहाला थांबलो. नगरपंचायत झाली, आता बरंय की, असं टपरीवाल्या काकांना म्हटलं. ते म्हणाले, "गावात बरंय. माझं घर वस्तीवर हाय, दोन किलोमीटर तिकडं." आणि त्यांनी कपबशी ठेवत हात केला तो शिवाराच्या दिशेला. तिकडे कडब्याची गंजी दिसत होती.