मुदत, मूल्य आणि मूळ धारक : शिरूर-भीमथडीतील गहाण जमीन व मुदत संपलेले संकेतनाम यांच्या सोडवणुकीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मुदत संपल्यामुळे एखादी वस्तू कायद्याने दुसऱ्याच्या हाती गेली आणि मूळ धारक ती परत मागू लागला, तर तिची किंमत कोणत्या आधारावर ठरवावी, हा प्रश्न आज इंटरनेटवरील संकेतनामांच्या, म्हणजेच डोमेन नावांच्या, बाबतीत वारंवार उपस्थित होतो. वार्षिक शुल्क भरण्याचे राहून गेल्याने संस्थेचे नाव दुसऱ्याच्या नावे नोंदले जाते आणि परत देण्यासाठी मूळ शुल्काच्या शेकडो पट रक्कम मागितली जाते. हा प्रश्न वरकरणी नवा वाटत असला तरी पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाला तो अपरिचित नाही. पाबळ-केंदूरपासून घोडनदीपर्यंतचा शिरूर तालुका आणि आजच्या दौंड-बारामतीचा समावेश असलेला तत्कालीन भीमथडी तालुका यांनी एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न जमिनीच्या रूपाने अनुभवला आहे. सदर निबंधात या दोन्ही व्यवहारांची तुलना करून सोडवणुकीच्या किमतीचे तत्त्व शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षे ठरविली. जुनी देणी अनिश्चित काळ उकरून काढली जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात मात्र मुदत संपण्यापूर्वी सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवी. ऋणकोच्या संरक्षणासाठी घातलेली मुदत अशा रीतीने त्याच्याच गळ्यातील फास बनली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) चढलेले कापसाचे भाव पुढे कोसळले, त्याच दशकात शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि जिराईत भागातील कुणब्याच्या जमिनी हुकूमनाम्यांच्या बजावणीत सावकारांकडे जाऊ लागल्या.

शिरूर तालुक्यातील करडे या गावी डिसेंबर १८७४ मध्ये कालूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध मिळविलेल्या १५० रुपयांच्या हुकूमनाम्याची बजावणी करताना त्यांचे घर पाडले. त्यानंतर गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार टाकला आणि ही चळवळ आसपासच्या गावांत पसरली. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे उठाव झाला. जमावाचा मुख्य रोख सावकारांकडील कर्जरोखे व हुकूमनामे हस्तगत करून नष्ट करण्यावर होता. रयतेचा राग व्यक्तीपेक्षा कागदावर अधिक होता, कारण जमिनीची किंमत आता शेतात नव्हे तर कागदावर ठरत होती.

सोडवणुकीच्या किमतीचे सूत्र :

चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ चा डेक्कन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. त्याने न्यायालयास रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा करणे, चक्रवाढ व्याज नाकारणे आणि सावकाराने जमिनीतून घेतलेले उत्पन्न वजा करणे, ही त्याची प्रमुख अंगे होत. व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल होऊ नये, हे दामदुपटीचे जुने तत्त्वही त्यास पूरक होते.

हे सूत्र एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. १०० रुपयांस जमीन गहाण पडली, पाच वर्षांचे सरळ व्याज शेकडा ९ प्रमाणे ४५ रुपये झाले आणि सावकाराने दरवर्षी ८ रुपयांप्रमाणे ४० रुपयांचे उत्पन्न घेतले, तर सोडवणुकीची रक्कम १०५ रुपये ठरते. कुणब्याला ती जमीन किती निकडीची आहे, याला या हिशेबात स्थान नाही.

तथापि, या कायद्याचा उलट परिणामही झाला. अनेक सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. त्यामुळे खरेदीखत हे वस्तुतः गहाणखतच आहे काय, हे तपासण्याची मुभा न्यायालयांना पुढे दुरुस्तीने द्यावी लागली.

संकेतनामाची मुदत :

संकेतनामाची नोंदणी ही मालकी नसून एका वेळी अधिकाधिक दहा वर्षांसाठी मिळणारा वापराचा हक्क आहे. '.कॉम'सारख्या नावांची मुदत संपल्यावर नोंदणीदार कंपनीच्या नियमांनुसार सुमारे ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. काही कंपन्या याच काळात नाव लिलावात काढतात. नाव रद्द झाल्यास ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो. त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणासही खुले होते. हा सोडवणुकीचा काळ आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या व्यवस्थेत २००३ पासून अमलात आला. त्यासाठी वापरलेला 'रिडेम्प्शन' हा शब्द गहाणाच्या कायद्यातीलच आहे, ही बाब लक्षणीय होय. मात्र १८७७ च्या मुदतीच्या कायद्याने गहाण जमीन सोडविण्यास ६० वर्षे दिली होती, १९६३ च्या कायद्याने ३० वर्षे दिली. संकेतनामास ३० दिवस मिळतात.

ही चूक मोठ्या कंपन्यांकडूनही होते. १९९९ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'पासपोर्ट.कॉम' या नावाचे शुल्क राहून गेले, तेव्हा मायकेल चॅनी या त्रयस्थ संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले. प्रत्येकास असा त्रयस्थ भेटतोच असे नाही.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफ विरुद्ध सायबरबूथ या खटल्यात संकेतनाम हे केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाइतकेच संरक्षणास पात्र असल्याचे मान्य केले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात हीच दिशा दृढ केली. १९९९ च्या आयकॅन तंटा धोरणानुसार, नोंदणीसाठी झालेल्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक रकमेस चिन्हधारकालाच नाव विकणे हा नोंदणीचा मुख्य हेतू असेल, तर तो दुर्हेतूचा पुरावा मानला जातो. म्हणजेच रोख्यावरील आकड्यामागे जाण्याचे १८७९ चे तत्त्व येथे वेगळ्या रूपात आढळते.

विश्लेषण :

परत मागितलेल्या वस्तूच्या किमतीत तीन घटक असतात : नव्या धारकाचा प्रत्यक्ष खर्च, वस्तूचे स्वतंत्र बाजारमूल्य आणि मूळ धारकाची अडचण. समजा, एखाद्याने लिलावात ५,००० रुपयांस नाव घेऊन १,००० रुपये शुल्क भरले, तर त्याचा खर्च ६,००० रुपये होतो. ते नाव सर्वसामान्य शब्दाचे असेल व अन्य ग्राहकही त्यास अधिक रक्कम देण्यास तयार असतील, तर जास्त किंमत मागणे गैर ठरत नाही. परंतु ते नाव एखाद्या गावच्या पतसंस्थेचे वा विद्यालयाचे असेल, तर मूळ संस्थेवाचून त्यास सहसा दुसरा ग्राहक नसतो. अशा वेळी मागितलेले दोन लाख रुपये हे नावाचे नव्हे, अडचणीचे मूल्य असते.

निष्कर्ष :

१. मुदतीचा नियम आवश्यक असला तरी दुर्बल पक्षास त्याची जाणीव नसेल तर तो शोषणाचे साधन बनतो.

२. न्याय्य किंमत प्रत्यक्ष खर्च व स्वतंत्र बाजारमूल्य यांवर आधारलेली असावी. मूळ धारकाची निकड हा तिचा आधार होऊ नये.

३. नोंदणीकृत चिन्ह किंवा नावलौकिकाचा पुरावा नसलेल्या लहान संस्थांना तंटा धोरणाचा लाभ मिळणे कठीण असते. म्हणून नावाची नोंदणी व्यक्तीऐवजी संस्थेच्या नावे करणे, ती अनेक वर्षांसाठी एकदम करणे आणि मुदतीची तारीख दप्तरात नोंदविणे अगत्याचे आहे.

सुप्याच्या रयतेने कागद जाळला, कारण तो वाचण्याचे व तपासण्याचे साधन तिच्यापाशी नव्हते. केंदूरसारख्या गावांतील आजच्या संस्थांपाशी ते साधन आहे. त्याचा वेळीच उपयोग करणे हाच या इतिहासाचा बोध होय.