फ्रीझरचं माहेर

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला सहसा राग येत नाही. येतो तो काउंटरच्या अलीकडे येतो आणि पलीकडे पोचेपर्यंत त्याचं ‘जरा थांबा हं’ झालेलं असतं. पण गेल्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी मला खराखुरा राग आला, आणि तोही एका फ्रीझरवरून.

डेन्व्हरचा माझा मावसभाऊ शऱ्या मोबाइलवर त्याचं गॅरेज दाखवत होता. त्याची शनिवार रात्र, माझा रविवारचा चहा. कोपऱ्यातला तो पांढरा, आडवा, दोन माणसं आत पत्ते खेळत बसतील एवढा डीप फ्रीझर मी लगेच ओळखला. तो मावशीचा. म्हणजे पैसे शऱ्याचे, सत्ता मावशीची. ती डोंबिवलीहून सहा-सहा महिन्यांसाठी जायची आणि परत निघताना ओलं खोबरं, सोललेले मटार, पुरणाचे गोळे यांनी तो गच्च भरून यायची. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर हुकूम : ‘आधी हे संपवणे.’

त्याच फ्रीझरला आता पुढच्या बाजूनं चार तोट्या होत्या. शऱ्यानं एक ओढली. ग्लासात फेसाळ बिअर आली.

“अरे, मावशीच्या पुरणाच्या जागी बिअर?” मी ओरडलो. आमची सौ. आतून म्हणाली, “हळू! शेजाऱ्यांना वाटेल तुम्हीच घेतलीय.”

शऱ्या शांतपणे कृती सांगू लागला. फ्रीझरला भोक पाडायचं नाही, कारण भिंतीतून गार करणाऱ्या नळ्या गेलेल्या असतात. एक फुटली की सगळं भंगारात. म्हणून झाकण काढून पेटी आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवायची आणि तोट्या त्या चौकटीत. आत साधारण १९ लिटरची पोलादी पिंपं. ही मुळात सरबतवाल्या कंपन्यांची. त्यांनी पुढे खोक्यातल्या पिशव्या वापरायला सुरुवात केली, आणि हौशी मंडळींनी ती पिंपं स्वस्तात उचलली. पिंपाला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडायचा. दहा-बारा पौंडांच्या दाबानं बिअर नळीतून वर येते. फ्रीझरला सवय उणे १८ अंशांची, त्यात बिअरचा दगड व्हायचा. म्हणून प्लग आणि फ्रीझर यांच्यामध्ये एक नियंत्रक बसवायचा. आत तीन-चार अंश झाले की तो वीज तोडतो.

“आणि हे कायदेशीर आहे?” मी विचारलं. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली प्यायलासुद्धा परवाना लागतो. बँकेतला माणूस कागद आधी बघतो, ग्लास नंतर.

कागद निघाला. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावर घरच्या वाइनला मुभा मिळाली. बिअर मात्र राहून गेली, ती पंचेचाळीस वर्षं. शेवटी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून घरची बिअर करमुक्त झाली. मर्यादा वर्षाला माणशी १०० गॅलन. घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. मी बी. कॉम. आहे. लगेच हिशेब केला : २०० गॅलन म्हणजे सुमारे ७५७ लिटर, म्हणजे घरटी रोज दोन लिटर. आमच्याकडे दूधसुद्धा एवढं येत नाही.

कागद ठीक होता, तरी राग जाईना. रात्री मी फ्रीझरची जुनी खाती उघडून बसलो, आणि तिथे वेगळंच निघालं.

जर्मनीतल्या बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर नासायची. म्हणून १५५३ साली तिथल्या राज्यकर्त्यानं फर्मान काढलं : २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायची नाही. उन्हाळ्याची सोय म्हणून मंडळी थंडीतच बिअर करून तळघरात ठेवत, वर सावलीला चेस्टनटची झाडं लावत, तळ्यातला बर्फ तोडून आत भरत. अशी तीनशे वर्षं गेली. मग म्युनिकमध्ये कार्ल लिंडे नावाच्या प्राध्यापकांनी यंत्रानं थंडी कशी निर्माण करावी यावर लेख लिहिले. प्राध्यापकाचा लेख गिऱ्हाइकानं वाचावा हीच मुळात ऐतिहासिक घटना! इथे तो बिअरवाल्यांनी वाचला. स्पाटन ब्रुअरीच्या गाब्रिएल झेडलमायर यांनी पैसा दिला, जागा दिली, आणि १८७० नंतरच्या दशकात पहिलं यंत्र त्यांच्याच ब्रुअरीत तपासलं गेलं. १८७६ साली अमोनियाचं यंत्र आलं. १८७९ साली लिंडे यांनी प्राध्यापकी सोडून कंपनी काढली. बर्फाची यंत्रं इतरांनीही आधी केली होती. पण हे यंत्र भरवशाचं निघालं आणि त्याला सुरुवातीची मोठी गिऱ्हाइकं मिळाली ती बिअरवालेच. वायू दाबून द्रव करायचा, मग मोकळा सोडायचा. पुन्हा वायू होताना तो भोवतालची उष्णता घेऊन जातो. आमच्या स्वयंपाकघरातला फ्रीज रात्री घुर्रघुर्र करतो तो हेच करत असतो.

म्हणजे कोथिंबीर, इडलीचं पीठ, मावशीचं पुरण हे सगळे नंतरचे भाडेकरू. मूळ मालक बिअर. शऱ्यानं फ्रीझर बाटवला नव्हता, माहेरी पाठवला होता.

पुढच्या रविवारी मी हे त्याला मोठ्या दिमाखात सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, “आई गेली त्यानंतर पुरणाचा शेवटचा डबा दीड वर्ष तसाच होता. खाववेना, टाकवेना. मग वादळात दोन दिवस वीज गेली आणि टाकावाच लागला. पुढं वर्षभर फ्रीझर रिकामा. विकायला काढला, पण गिऱ्हाईक आलं की मीच किंमत वाढवायचो. आता शनिवारी गल्लीतली चार माणसं येतात. गॅरेजमध्ये आवाज असतो.”

मग त्यानं झाकण उचलून मोबाइल आत धरला. झाकणाच्या आतल्या बाजूला एक पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. अक्षर मावशीचं : ‘झाकण नीट लावणे.’

“चौकट बसवताना झाकण काढलं होतं, पट्टी नाही काढली,” शऱ्या म्हणाला. “सगळे विचारतात काय लिहिलंय म्हणून. मी सांगतो. आणि रे, गोरे असोत नाहीतर कोणी, सगळे झाकण नीट लावतात.”

मी काही बोललो नाही. बँकेत खातेदार गेला म्हणून लगेच खातं बंद करत नाहीत. वारस आला की त्यातली रक्कम रीतसर त्याच्या नावावर चढवतात. इथे ते झालेलं होतं, आणि सही मावशीचीच होती.