पपई : परसांतून शेतांत

पपईचें झाड मराठी घराच्या परसांत इतकें रुळलें आहे कीं, तें मूळचें येथलें नव्हे असें कोणी सांगितल्यास ऐकणाऱ्याला क्षणभर नवल वाटतें. न्हाणीच्या सांडपाण्यावर, केळ आणि अळू यांच्या शेजारीं, तें आपलें आपण उगवतें. एखाद्या पक्ष्यानें टाकलेल्या बीपासून रोप वर आलें, वर्ष-दीड वर्षांत फळ धरलें, घरांत खाऊन उरलें तें शेजाऱ्याला दिलें, एवढाच त्याचा व्यवहार. शेकडों झाडें ओळीनें लावून फळ दूरच्या बाजारांत पाठवावयाचें, ही रीत फार अलीकडची. चारशें वर्षांहून अधिक काळ जें झाड दारांत उभें होतें, त्याला शेतांत जागा मिळावयास विसावें शतक उजाडावें लागलें. असें कां व्हावें, हाच पपईच्या इतिहासांतील खरा प्रश्न होय.

तिच्या परकेपणाची पहिली साक्ष तिच्या नांवांतच मिळते. 'एरंडकर्कटी' हें भारदस्त संस्कृत नांव जुनें नव्हे. पान एरंडासारखें दिसतें म्हणून तें मागाहून घडविलें गेलें. गुजरातेंतील एरंडकाकडी व हिंदींतील अरंड-खरबूजा हीं त्याच विचाराचीं भावंडें. कानडींत पपईला परंगी हण्णु, म्हणजे फिरंग्यांचें फळ, म्हणतात. मलयाळींतील तिच्या एका नांवांत 'कप्पल' म्हणजे जहाज हा शब्द आहे आणि ब्रह्मी भाषेंतहि तिला जहाजाचें फळ असेंच म्हणतात. मराठी पपई आणि कोंकणी पपाय यांनीं मात्र मूळ अमेरिकन शब्दच, स्पॅनिश व पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून आलेला, आपल्या जिभेला सोसेल तसा मऊ करून घेतला. नवें फळ आलें म्हणजे लोक एक तर त्याचें नांव तसेंच उचलतात, नाहीं तर तें ज्या वाहनांतून उतरलें त्याचें नांव त्याला देतात. पपईच्या बाबतींत दोन्ही गोष्टी घडल्या.

तिचें माहेर म्हणजे दक्षिण मेक्सिको व मध्य अमेरिका. तेथील सखल रानांत अद्यापहि लहान फळांची, बियांनीं गच्च भरलेली रानपपई आढळते. कोलंबसाच्या पूर्वीं आशिया, आफ्रिका किंवा युरोप यांपैकीं कोणत्याहि खंडाला हें फळ ठाऊक नव्हतें. ओव्हिएदो या स्पॅनिश बखरकारानें नोंदविलें आहे कीं, आलोन्सो द व्हाल्व्हेर्दे नांवाच्या माणसानें मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरून पपईच्या बिया प्रथम दारियेनला नेल्या व तेथून त्या सांतो दोमिंगोस व इतर बेटांवर गेल्या. ही गोष्ट सोळाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकांतील आहे. बखरकारांना राजे आणि लढाया यांपलीकडे सहसा कांहीं दिसत नाहीं. मूठभर बिया नेणाऱ्याचें नांव टिपून ठेवणारा ओव्हिएदो म्हणूनच विरळा.

प्रवासाला इतकें सोयीचें फळ दुसरें क्वचितच असेल. आंब्याची कोय थोड्या दिवसांतच निरुपयोगी होते, केळीचा कंद जपावा लागतो. पपईच्या एका फळांत शेकडों बिया, आणि त्या धुऊन वाळवून पुरचुंडींत बांधल्या तर पुष्कळ महिने त्यांची उगवण्याची शक्ति जात नाहीं. स्पॅनिश जहाजांतून ती पॅसिफिक महासागर ओलांडून फिलिपाइन्स बेटांत गेली, तेथून मलाक्का, आणि मलाक्क्याहून पोर्तुगीजांच्या व्यापारी वाटेनें हिंदुस्थानांत उतरली. काजू ब्राझीलकडून पश्चिमेच्या वाटेनें आला. पपई मात्र पृथ्वीला उलटा वळसा घालून पूर्वेकडून आली. पुढें १६२६ मध्यें इटलींतील नेपल्स शहरीं पपईच्या बिया पोहोंचल्या त्याहि हिंदुस्थानांतूनच. अमेरिकेचें फळ युरोपला आशियाच्या हातून मिळावें, हा त्या काळच्या दर्यावर्दी व्यापाराचा एक गमतीचा खेळ म्हटला पाहिजे.

या वाटेची माहिती ज्यानें लिहून ठेवली तो यान हुइगेन फान लिन्सखोतेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपाचा चिटणीस होता. १५८३ ते १५८८ हीं वर्षें त्यानें गोव्यांत काढलीं, आणि त्याचा प्रवासग्रंथ १५९६ मध्यें ॲमस्टरडॅम येथें प्रसिद्ध झाला. पपईसंबंधीं त्याचें टिपण चार ओळींचें आहे. पण त्यांत एक गोष्ट अशी आहे कीं, पुढचीं साडेतीनशें वर्षें बागाइतदार तिच्याशींच झगडत राहिला. लिन्सखोतेन सांगतो कीं, या झाडांत नर व मादी असे दोन प्रकार असून नराला फळ कधीं येत नाहीं आणि दोघांना दूर दूर लावलें तर मादीहि फळ देत नाहीं. गोव्याच्या बागांत तेव्हां फळ मुठीएवढेंच होतें, हेंहि त्यानेंच सांगितलें आहे.

परसांतल्या झाडाच्या बाबतींत ही अडचण हसण्यावारी नेतां येते. नर निघाला तर उपटून टाकावा, दुसरें रोप येतेंच. परंतु एकरभर जमीन, विहिरीचें पाणी आणि सावकाराचे पैसे गुंतविणाऱ्या शेतकऱ्याला ती हसण्यावारी नेतां येत नाहीं. बी पाहून नर-मादी कळत नाहीं, रोप पाहूनहि कळत नाहीं. लावणीनंतर पांच-सहा महिन्यांनीं फुलें आलीं म्हणजेच उलगडा होतो. तोंवर नराला आणि मादीला सारखेंच खतपाणी द्यावें लागतें. साधारणतः निम्मीं झाडें नर निघावयाचीं. म्हणून जुन्या लागवडींत एका खड्ड्यांत तीन तीन रोपें लावीत व फुलें आल्यावर एकच मादी ठेवून बाकीचीं काढून टाकीत; परागासाठीं दहा-पंधरा माद्यांमागें एखादा नर राखीत. तरीहि हिशेबानें आठांपैकीं एका खड्ड्यांत तिन्ही रोपें नर निघण्याचा संभव राहतोच. सहा फुटांवर लावणी केली तर एकरीं सुमारें बाराशें खड्डे होतात. त्यांपैकीं दीडशें असे वांझ जावयाचे!

या अनिश्चितीतून नाना समज निघाले. नराच्या खोडांत लोखंडी खिळा ठोकला किंवा त्याचा शेंडा छाटला म्हणजे त्याची मादी होते, असें पुष्कळ देशांतील शेतकरी मानीत आले. हा समज अगदींच निराधार नव्हे. हवा पालटली किंवा झाडाला इजा झाली म्हणजे कांहीं नर झाडांवर मधूनच उभयलिंगी फुलें येतात व लोंबत्या देठांना एक-दोन फळें धरतात. श्रेय मात्र खिळ्याला मिळतें.

कोडें सुटलें तें १९३८ मध्यें, आणि तेंहि एकमेकांपासून हजारों मैल दूर असलेल्या दोन ठिकाणीं एकाच वर्षीं. दक्षिण आफ्रिकेंत हॉफमायर व हवाई बेटांत स्टोरी या संशोधकांनीं स्वतंत्रपणें दाखवून दिलें कीं, पपईंत नर, मादी आणि उभयलिंगी अशा तीन जाति असून त्या एकाच आनुवंशिक घटकाच्या तीन रूपांवर ठरतात. उभयलिंगी झाडाच्या फुलाला त्याच झाडाचा पराग दिला तर दोन वांटे उभयलिंगी व एक वांटा मादी अशी संतति होते. नर एकहि निघत नाहीं. म्हणजे प्रत्येक झाड फळाचें. हवाईच्या बागाइतदारांच्या हातीं अशी जात आधींच आली होती. १९११ मध्यें बार्बाडोस बेटांतून आलेल्या बियांपासून तयार झालेल्या या लहान, गोड पपईला १९१९ मध्यें 'सोलो' हें नांव मिळालें, आणि १९३६ पर्यंत हवाईंत व्यापारासाठीं दुसरी पपई उरली नाहीं. पपईचें खरें पीक झालें तें येथें.

भारतांत याच सुमारास वॉशिंग्टन व मधुबिंदू या जातींचें नांव झालें होतें. पुढें कूर्ग भागांत मधुबिंदूपासून निवडलेली उभयलिंगी जात, बिहारांतील पुसा येथील जाति, आणि कोइमतूरच्या कृषि विद्यापीठाच्या जाति अशी मालिकाच सुरू झाली. कोइमतूरची एक जात तर मुख्यतः चिकासाठीं काढलेली आहे. कच्च्या पपईच्या फोडी टाकल्या कीं मांस लवकर शिजतें, हें खानसाम्यांना फार पूर्वींपासून ठाऊक होतें. १८७९ मध्यें वुर्त्झ व बूशे या फ्रेंच रसायनज्ञांनीं त्या गुणामागचें द्रव्य वेगळें करून त्याला 'पपेन' असें नांव दिलें. औषधांपासून बिअर निवळ ठेवण्यापर्यंत त्याचा उपयोग होऊं लागला, आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीं सिलोन हें त्याच्या व्यापाराचें मोठें ठाणें होतें. चीक काढून ओरखडलेलें कच्चें फळ वायां जात नाहीं. मिठाईवाल्याकडच्या लाल-हिरव्या टूटी-फ्रूटीचे तुकडे पुष्कळदां त्याचेच असतात.

नर-मादीचा प्रश्न सुटतो न सुटतो तोंच दुसरें संकट उभें राहिलें. १९४८ मध्यें पुण्यास काम करणाऱ्या कपूर व वर्मा या शास्त्रज्ञांनीं मुंबई प्रांतांतील पपईवरील केवडा रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढल्याच वर्षीं हवाईंत जेन्सेन यानें फळावर वर्तुळें उठविणाऱ्या विषाणूचा वृत्तांत दिला. मावा हा बारीक किडा एका झाडाचा रस चाखून दुसऱ्यावर बसला, एवढ्यानें रोग पसरतो. पानें आखडून दोऱ्यासारखीं होतात, वाढ खुंटते, फळ बेचव होतें. आणि लागलेल्या झाडाला औषध नाहीं. परसांत जें झाड वर्षानुवर्षें उभें राहत असे, तें शेतांत दीड-दोन वर्षांत काढून टाकावें लागूं लागलें, याला हा रोग पुष्कळ अंशीं कारण आहे. एकाकी झाडाला मावा क्वचित् सांपडतो. हजार झाडें एकत्र लावलीं म्हणजे मात्र त्याला आमंत्रणच. शेतीनें पपईला जी शिस्त लावली, तिचीच ही किंमत.

हवाईच्या लोकांनीं रोगापुढें माघार घेऊन बागा ओआहू बेटावरून मोठ्या बेटावरील पुना जिल्ह्यांत हलविल्या. १९९२ मध्यें रोग तेथेंहि पोहोंचला. तेथलेच सुपुत्र डेनिस गोन्साल्विस व त्यांचे सहकारी यांनीं विषाणूचाच एक जनुक पपईंत घालून तिला रोग पचविण्याची शक्ति दिली, आणि १९९८ मध्यें त्या बिया शेतकऱ्यांना वांटण्यांत आल्या. पुन्याचा धंदा त्यायोगें वांचला. भारतांत अशी पपई शेतांत आलेली नाहीं.

तरीसुद्धां आज जगांत सर्वांत अधिक पपई भारतांतच पिकते. महाराष्ट्रांत खानदेश, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यांतील शहादा तालुका, या पिकासाठीं प्रसिद्ध आहे. तेथील शेतकरी बहुधा तैवानची संकरित 'रेड लेडी' लावतो. तिच्यांत नर झाडें निघत नाहींत. पण तिच्या फळांतील बिया पुढच्या लागवडीस उपयोगी नसल्यामुळें बियाणें दर वेळीं विकत घ्यावें लागतें. फळावर पहिली पिवळी रेघ उमटली कीं तें उतरवून, कागदांत गुंडाळून, मालमोटारीनें उत्तरेकडे रवाना होतें. उशीर झाला तर माल नासतो, आणि व्यापाऱ्याला तें पुरतें ठाऊक असतें. दराच्या घासाघिशींत शेतकऱ्याची बाजू पडते ती येथेंच.

२००८ मध्यें कोइमतूरजवळ पपईवर एक नवाच पिठ्या ढेकूण आढळला. तो मेक्सिकोचा, म्हणजे पपईच्याच माहेरचा. थोड्याच काळांत तो महाराष्ट्रांतहि आला, आणि फवारण्यांना दाद देईना. शेवटीं २०१० मध्यें बंगळूरच्या शास्त्रज्ञांनीं पोर्तो रिको बेटांतून त्याचा स्वाभाविक शत्रु, डोळ्यांना जेमतेम दिसणारी एक गांधीलमाशी, विमानानें मागविली व वाढवून बागांत सोडली. कांहीं महिन्यांतच पिठ्या ढेकणाचा जोर ओसरला. जहाजानें आलेल्या फळामागोमाग साडेचारशें वर्षांनीं त्याचा वैरी आला, आणि त्याचा काळ ठरलेली माशीहि त्याच समुद्रापलीकडून आली.